सत्तेचाळीस नंबरचा डाग

९ जानेवारी

साडूचं नव्व्याण्णवावं कार्ड आलं. नव्व्याण्णवावं! दहा वर्षं हा माणूस एकसष्टावर ठाण मांडून बसला होता, आणि आता सव्वा वर्षात अडतीस! क्रिकेटमध्ये असं झालं असतं तर चौकशी लागली असती.

कार्ड सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. तेच तर दुखणं आहे. साडूने आजवर काढलेला प्रत्येक तेजोमेघ बटाट्यासारखा दिसत आला. गोल असला की बटाटा, लांबट असला की लांबट बटाटा. आणि आता हे! पेन्सिलीची पूड अशी पसरली आहे की फुंकर मारली तर उडून जाईल. कड कुठे संपली आणि काळोख कुठे सुरू झाला, सांगता येत नाही. 'निरीक्षक' या जागी मात्र नुसतं आडनाव. नाव लिहायचाही कंटाळा!

मी सही केली — 'तपासले, मान्य.' हात जड झाला.

आता त्याचा एकच उरला. सत्तेचाळीस.

१० जानेवारी

वही नवी आहे, आणि नव्या वहीला जुनी भांडणं ठाऊक नसतात. म्हणून एकदा लिहून टाकतो.

आमच्या मंडळाची शंभर तेजोमेघांची यादी आहे. तेजोमेघ म्हणजे आकाशातले धुरकट डाग. पुस्तकांतल्या फोटोंमध्ये ते जांभळे, गुलाबी, झालरी लावलेले असतात. आपल्या तीन इंची दुर्बिणीतून बघावं तर काय? फळा घाईघाईने पुसल्यावर खडूची जी राख उरते, तेवढंच. त्या राखेवर मी उभं आयुष्य घातलं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. दुर्बिणीला डोळा लावून दिसेल तेच कार्डावरच्या गोलात पेन्सिलीने काढायचं, आणि खाली तीन शब्दांपैकी एक लिहायचा — दिसला, वाटला, नाही. शंभर 'दिसला' झाले की मंडळाच्या खोलीतल्या लाकडी पाटीवर नाव.

पाटीवर दहा ओळी आहेत. एकतीस वर्षांत एकच भरली. माझी. अधूनमधून जाऊन रुमालाने पुसून येतो. धूळ फार बसते हो तिथे.

साडूची आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. तो घड्याळजी, मी भूमापन खात्यात नकाशांच्या नकला करणारा. सुरुवात एकाच महिन्यात केली, एकाच गच्चीवर. मला भराभर दिसत गेलं, त्याला नाही. प्रामाणिकपणे 'नाही' लिहायचा. इतक्या वेळा लिहिलं की मी त्याचं नावच ठेवलं — नाहीराव. मंडळात ते असं चिकटलं की नवे सभासद तेच त्याचं आडनाव समजतात.

माझा शंभरावा होता हाच सत्तेचाळीस. शंभराव्याला साक्षीदार लागतो, तो साडूच होता. त्याला स्वतःला त्या रात्री काही दिसलं नव्हतं. तरी माझ्या 'दिसला'मागे सही केली, आणि वर त्या कार्डाला जुन्या घड्याळाच्या पेटीच्या लाकडाची चौकट करून दिली. ती हीच, माझ्या टेबलासमोर टांगलेली. साधा माणूस होता. कुठे बिघडला कोण जाणे.

११ जानेवारी

कळलं! अंघोळ करताना कळलं. फोटो बघून काढतो.

त्यांच्याकडे मुलाने ठेवलेला कॉम्प्युटर आहे. त्यात जगातल्या सगळ्या तेजोमेघांचे फोटो. समोर लावायचा, रंग सोडून द्यायचे, पूड पसरायची — झालं कार्ड तयार!

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना एवढं जमतं होय?"

"न जमायला काय झालं? नक्कल तर करायची!"

"नक्कल करायला काही लागत नाही, हे तुम्ही सांगताय?" आणि पुढची जुडी घेतली.

१२ जानेवारी

सापळा ठरला. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मागाहून सुचलं.

सभासदांना नकाशा काढून द्यायचं काम तपासनिसाचं, म्हणजे माझं. सत्तेचाळीस मिथुन राशीच्या पायाशी आहे. एकावर एक उभे दोन तारे, जिन्याच्या दोन पायऱ्यांसारखे, आणि त्यांच्या डावीकडे तो डाग. त्यासाठी पुस्तक कशाला उघडायचं? सत्तेचाळीस रोज समोरच्या भिंतीवरून माझ्याकडे बघतो.

मी साडूला नकाशा देणार, त्यात बाण दाखवणार उजवीकडे. मुद्दाम चुकीचा! खरोखर बघणारा असेल तर दुसऱ्या दिवशी दार वाजवेल — "अहो, नकाशा चुकलाय तुमचा, डाग तर डावीकडे आहे." आणि खोटा असेल तर? फोटोतला आकार उचलेल, माझ्या बाणापाशी नेऊन ठेवेल आणि खाली लिहील — दिसला.

नकाशा झकास झाला. शाई वाळेपर्यंत गुणगुणत होतो.

१४ जानेवारी

साडूच्या दुकानात जाऊन नकाशा दिला. आता दुकान अर्धा दिवसच उघडतो. काउंटरवर मनगटी घड्याळं ओळीने ठेवलेली, काचेवर धूळ. नकाशा घेतला, अगदी नाकाशी नेला, मग मान वळवून कडेकडेने पाहिला. कोंबडी पाहते तसा! मला हसू आवरेना.

"सत्तेचाळीस," म्हणाला. "हा राहिलाच होता नाही का."

"राहिला कसला, तुम्हीच राहिलात. तीनदा 'नाही' लिहिलंय."

"चारदा," म्हणाला. मग विचारतो, "किती वाजले हो साडोबा?"

आजूबाजूला पन्नास घड्याळं टिकटिकतायत आणि घड्याळजी मला वेळ विचारतोय! मी म्हटलं, "दुकान तुमचं, वेळ माझी, असं कसं चालेल?" तो हसला. चहाचा कप मात्र उलटा झाला त्याच्या हातून. म्हातारपण!

१५ जानेवारी

ढग.

१७ जानेवारी

आकाश लख्ख. संध्याकाळी आठलाच द्विनेत्री दुर्बीण घेऊन आमच्या गच्चीवर गेलो.

अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. ज्याचं त्याचं मोजायचं माप असतं. माझं माप शाळेच्या कवितांचं. अंधारात उभं राहायचं आणि पाचवीच्या पुस्तकातल्या कविता पहिल्यापासून म्हणायला लागायचं. पूर्वी पाचवी संपली की डोळे तयार. मग पाचवी-सहावी लागायला लागली. आज सातवीही संपली, आठवीतलं एक लांबलचक खंडकाव्य झालं, तरी मृगातला मोठा तेजोमेघसुद्धा — जो पोराटोरांना दिसतो — नुसता भिजलेल्या कापसासारखा. दव पडलं असणार काचांवर. पुसल्या. पुन्हा तेच. पुष्कळ दव होतं.

कवितांवरून वर्ग आठवला. सर टेबलावर पट्टी आपटून मात्रा मोजायचे आणि आम्ही चाळीस गळे एका सुरात. पाठांतरात माझा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा सरांनी मध्येच थांबवून विचारलं, "त्या कवितेतला ओढा घराच्या कुठल्या बाजूने वाहतो रे?" मला सांगता येईना. सगळी कविता पहिल्यापासून म्हणायला लागलो. ओढ्याच्या ओळीपर्यंत पोचेतो तास संपल्याची घंटा झाली. सर म्हणाले, "तुला पाठ आहे बाळा. बस खाली." केवढी शाबासकी वाटली होती!

२० जानेवारी

उजवीकडे!!

धाकटी — म्हणजे साडूची बायको, हिची बहीण — माझा कोट द्यायला आली होती. कोपरावर विरला होता तो तिने रफू केलाय. तिचं रफूचं काम म्हणजे वेड लागायची पाळी. भिंग लावून शोधलं तरी भोक कुठे होतं ते सापडत नाही. कोटाच्या खिशात पाकीट, पाकिटात कार्ड. सत्तेचाळीस. उभे दोन तारे, आणि डाग — उजवीकडे! माझ्या बाणाच्या बरोब्बर टोकाला! खाली 'दिसला'. ठसठशीत.

चेहरा सरळ ठेवायला किती कष्ट पडले म्हणून सांगू.

धाकटी जरा घुटमळली. "भाऊजी, त्यातला वरचा तारा थोडा तांबूस आहे ना हो?"

"अगं, तुला काय करायचंय? या गोष्टी बघणाऱ्यांनाच कळतात," मी म्हटलं. मायेनेच म्हटलं.

"बरं," म्हणाली. "कोटाचं दुसरं कोपरही जाणार आहे हं लवकरच. आताच सांगून ठेवते."

२१ जानेवारी

कार्डावर सही केलेली नाही. सभेपर्यंत करणार नाही. २२ फेब्रुवारीला वार्षिक सभा, तिथे सगळ्यांसमोर साडूचं पितळ उघडं पाडायचं. पण रुक्ष भाषणाने नव्हे. काव्याने. सकाळी चहाआधीच दोन ओळी आल्या:

नाहीरावा दिसू लागले नाही तेही आता,
फोटो पाहुनि तारे मोजी, दुर्बिण घेई हाता!

मात्रा मोजल्या. सोळा-बारा, सोळा-बारा. एकही लंगडी नाही! सर असते तर पट्टी आपटली असती.

हिला म्हणून दाखवलं. हिने हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाली, "छान जमलंय. हे तुम्ही चारचौघांत म्हणणार?"

"म्हणणार म्हणजे काय! चालीवर म्हणणार."

"त्या आधी एकदा त्यांच्या गच्चीवर जाऊन या."

"कशाला? पुरावा खिशात आहे."

"नका जाऊ मग," म्हणाली आणि पंखा पुसायला स्टुलावर चढली. चाळीस वर्षं झाली, या बाईची 'नका जाऊ'ची आणि 'जा'ची चाल एकच आहे.

२ फेब्रुवारी

पौर्णिमा. चंद्र हा आमच्या धंद्याचा शत्रू. सगळे कवी त्याच्यावर भाळलेले आणि मीही शाळेत भाळलो होतो, पण तेजोमेघवाल्याला विचारा! घरात बल्ब लावून कुणी काजवे शोधतं का?

चिटणिसांचा फोन. आनंदाने फुटायचे बाकी होते. "अहो, एकतीस वर्षांनी दुसरं नाव लागणार! पेंटरला सांगून ठेवलंय. तुम्हाला किती आनंद झाला असेल, घरचाच माणूस!"

"शब्द नाहीत," मी म्हटलं. खरं म्हणजे शब्द होते. सोळा-बारा.

१२ फेब्रुवारी

काय लिहू. सावकाश लिहितो.

अंधारे दिवस पुन्हा आले. जेवण लवकर उरकून, कुणाला न सांगता साडूच्या गच्चीकडे निघालो. रंगेहाथ पकडायचं, गच्ची रिकामी आणि खाली कॉम्प्युटर चालू, असं चित्र डोक्यात होतं. हिच्यासाठी गेलो नाही. पुराव्याला पुरावा म्हणून गेलो.

जिना अंधारात चढलो. गच्ची रिकामी नव्हती.

दुर्बीण मधोमध लावलेली. साडू तिच्या शेजारी उभा, पण त्याचा डोळा दुर्बिणीला नव्हता. हात होता. नळीवर बोटं ठेवून तो स्क्रू फिरवत होता, घड्याळाच्या पोटात चाक बसवावं तसा, आकाशाकडे न बघता. आणि दुर्बिणीपाशी बुटक्या स्टुलावर डोक्याला मफलर गुंडाळून बसलेली — धाकटी. मांडीवर कार्ड, तोंडात पेन्सिल.

"अजून जरा खाली," ती म्हणाली. "हां. आला."

"कोण आहे?" साडू. मग स्वतःच म्हणाला, "साडोबा. गुडघा वाजतो ना त्यांचा."

मी म्हटलं, हे काय चाललंय.

कुणी दचकलं नाही, कुणी काही लपवलं नाही. साडूने स्टूल चाचपलं, बसला. "डोळ्याचं मधलं गेलंय दोन वर्षांपूर्वी. कडेचं दिसतं. आता तुमच्याकडे बघतोय ना, तर तुम्ही सोडून सगळं दिसतंय." थोडा थांबला. "वाईट नाही तसं."

"आणि कार्डं?"

"दुर्बीण मी लावतो. आकाश पाठ आहे, त्याला डोळे लागत नाहीत. बघते ती. पहिल्या दिवशी सहज म्हटलं, बघ गं काही आहे का, तर हिने जे सांगायला सुरुवात केली! मला उभ्या जन्मात एवढं दिसलं नव्हतं."

"त्यात काय एवढं, भाऊजी," धाकटी पेन्सिल तोंडातून काढत म्हणाली. "तीस वर्षं काळ्या कापडावर काळा धागा शोधतेय. हे तर बरं, इथे सुई टोचत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

धाकटीने मफलर सारखा केला. मग साडू म्हणाला, "कार्डावर आडनाव घालत होतोच. ते दोघांचं आहे. पण नाहीरावानंतर तुम्ही काय नाव ठेवाल, त्याचा अंदाज येईना."

 मी जे हातात होतं तेच फेकलं. म्हटलं, "ते असू दे. पण सत्तेचाळीसचं कार्ड चुकलंय. तो डाग डावीकडे असतो."

"डावीकडे?" धाकटीने पुन्हा डोळा लावला. "मग उजवीकडे हा कोण बसलाय? खालच्या ताऱ्याच्या कोपराशी, लांबट. या, बघा."

बसलो. दोन तारे दिसले, एकावर एक. पाचवी म्हटली. सहावी म्हटली, मनातल्या मनात, ओठ न हलवता. सातवी. डावीकडे काही नाही. उजवीकडेही काही नाही. सगळीकडे सारखंच राखाडी, कुणीतरी आकाशावर पांघरूण ओढल्यासारखं. दोघं शांत उभी होती. कुणी घाई केली नाही. सर्वांत वाईट तेच.

"दिसला?" धाकटी.

मी रुमालाने काच पुसली.

साडू अगदी हळू म्हणाला, "दुर्बिणीला आरसा लावलाय ना, साडोबा."

१३ फेब्रुवारी

झोप नाही. पहाटे पुस्तक उघडलं. एकतीस वर्षांत सत्तेचाळीससाठी पहिल्यांदा उघडलं.

आमच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा असतो, म्हणजे मान मोडत नाही. पण आरशाने उजव्याचं डावं होतं आणि डाव्याचं उजवं. ही आमची पहिली इयत्ता. नव्या सभासदाला पहिल्या दिवशी मीच शिकवतो, मीच त्यांना हसतो. उभे दोन तारे उभेच राहतात, कडेचा डाग मात्र बाजू बदलतो.

पुस्तकात डाग डावीकडे आहे.

म्हणजे दुर्बिणीत तो उजवीकडे दिसायला हवा. धाकटीच्या कार्डावर उजवीकडे आहे. मी मुद्दाम केलेल्या चुकीच्या नकाशात उजवीकडे आहे — अख्ख्या प्रकरणात तेवढी एकच गोष्ट मी बरोबर केली, तीही लबाडीने!

आणि चौकटीतल्या कार्डावर तो डावीकडे आहे. जसा पुस्तकात, तसा. खाली माझ्याच वळणदार अक्षरात — 'तीन इंची दुर्बीण, काटकोनी आरसा लावून. दिसला. स्पष्ट!' उद्गारचिन्हासकट.

मी तो पाहिलाच नव्हता. खोटं बोललो नव्हतो, ते शपथेवर सांगतो. थंडी होती, नव्व्याण्णव झाले होते, पुस्तक पाठ होतं. मला दिसलाच! नक्कल करण्यात हयात गेली, हाताला सवय होती. कापडात नाही ते भोक रफू करून आलो.

हिला सांगितलं नाही, पण साडूच्या डोळ्यांचं विचारलं. "माहीत होतं मला," म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही कविता केली असतीत."

१४ फेब्रुवारी

धाकटीच्या कार्डावर सही केली, मागे साक्षीदार म्हणूनही. मान्य.

१६ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. माझं कार्ड तपासणार कोण? तपासनीस मीच. तेव्हाचे तपासनीस सही करून मोकळे झाले, आणि आता जगातूनही मोकळे झाले. चौकट माझ्या घरात. साडूला कार्ड दिसायचं नाही. धाकटी कशाला बोलेल. पाटीवर वर मी, खाली साडू, दोन्ही साडू एका पाटीवर, सगळे खूश, चहा आणि टाळ्या. एकतीस वर्षांपूर्वी तीन बोटं डावीकडे-उजवीकडे झाली, त्याने कुणाचं काय अडलंय? आकाश तर जागेवरच आहे.

शब्द चांगले जुळलेत. तरी दिवसभर भिंतीकडे पाठ करून बसलो.

१९ फेब्रुवारी

कोटाचं दुसरं कोपर गेलं.

२२ फेब्रुवारी

सभा झाली.

खोली भरली होती. पेंटर कोपऱ्यात ब्रश घेऊन तयार. दुसऱ्या ओळीवर त्याने खडूने रेघ मारून ठेवलेली. चिटणीस बोलले, फार बोलले. मग साडूला बोलावलं. तो खुर्च्यांच्या पाठी चाचपत पुढे आला आणि सगळ्यांच्या वरती, पंख्याकडे बघत म्हणाला:

"एकसष्ट माझे आहेत. ते दुसऱ्या कुणाचे नाहीत, बटाटे आहेत. त्यानंतर यादी हिने पहिल्यापासून धरली. माझ्यावर विश्वास नाही तिचा. ते एकसष्टही पुन्हा बघून झाले. ही तिची शंभर कार्डं. मला आता दिसत नाही. मी नुसता दुर्बीण लावतो. पाटीवर नाव लावायचं तर तिचं लावा. नियमात बसत नसेल तर लावू नका." आणि कोटाच्या खिशातून जाडजूड पुडकं काढून टेबलावर ठेवलं. टेबल जरा चुकलं, चिटणिसांनी झेललं.

एकसष्टही पुन्हा बघितले! मला हे ठाऊक नव्हतं.

चिटणीस गोंधळले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "नियमात बसतं का हो? तपासनीस, तुम्ही सांगा."

उभा राहिलो, पुडकं चाळलं. वरच्या खिशात सोळा-बारा होतं, घडी घालून. एखाद्या माणसाला संपवायचं असेल तर तेवढं पुरेसं होतं. कुणाला, एवढाच प्रश्न होता.

"कार्डं बरोबर आहेत," म्हटलं. "आडनावही बरोबर आहे. नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं."

हशा झाला, टाळ्या झाल्या. धाकटी शेवटच्या रांगेत होती, कॉलरला सुई टोचलेली, तशीच उठून आली. भाषण करा, भाषण करा! ती पाटीकडे बघत म्हणाली, "यादी तर संपली. आता काय बघायचं?" आणि खरंच उत्तराची वाट बघत उभी राहिली.

पेंटरने तिचं नाव रंगवलं. माझ्या खाली. अजून ओलं होतं, त्यामुळे माझ्यापेक्षा जास्त चमकत होतं. साडू टाळ्या वाजवत होता, माझ्या दिशेने, थोड्या कडेला तोंड करून. म्हणजे मी त्याला दिसत असणार.

मी माझ्या कार्डाबद्दल काही बोललो नाही. सगळे तिथे होते, वेळ होती, उभाच होतो. नाही बोललो.

२३ फेब्रुवारी

सकाळी चौकट भिंतीवरून उतरवली. कार्ड चिटणिसांना द्यायचं की फाडून टाकायचं, ते ठरलं नव्हतं. घड्याळजीच्या हाताची चौकट, खिळे असे बारीक की चिमट्याने काढावे लागले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कार्ड उलटं केलं.

मागे साक्षीदार म्हणून साडूची सही. सहीखाली, घड्याळाच्या काट्याएवढा, पेन्सिलीचा एक बाण. मी खिडकीशी नेऊन, वळवून पुन्हा पुन्हा बघितला. पुढून धरलं की बाण उजवीकडे. बाणाशेजारी बारीक अक्षरात — 'आरसा'.

तेव्हा त्याचे डोळे चांगले होते.

पेंटरला फोन लावला. म्हणाला, "कालचं ओलं असेल तर पुसून देतो."

"कालचं नाही. वरचं."

"ते जुनं आहे हो. पुसून नाही जायचं, खरवडावं लागेल."

खरवड, म्हटलं.